आवाज किती मोठा होऊ शकतो?

कधी सिग्नलला तुमच्या शेजारी एखादी गाडी येऊन थांबते. तिच्यातलं गाणं नीट कळत नाही, पण तुमच्या गाडीच्या काचा थरथरतात. अमेरिकेत अशा गाड्यांच्या चक्क स्पर्धा होतात. स्पर्धेत गाडी जागची हलत नाही. जिचा आवाज सर्वांत मोठा, ती जिंकते!

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो डेसिबलमध्ये मोजतात. दर 20 डेसिबलला हा चढउतार 10 पट होतो. आपलं साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. सर्वांत दणदणीत गाड्या 180 च्या आसपास पोचतात. म्हणजे तिप्पट? छे! 20-20 च्या सहा पायऱ्या, आणि दर पायरीला 10 पट. दाब झाला 10 लाख पट!

एवढ्या दाबाने साधी काच तडकते. म्हणून स्पर्धक जाड काचा बसवतात, दारांत काँक्रीटसुद्धा भरतात. मायक्रोफोन आत असतो, माणसं बाहेर. काही सेकंद फक्त एक खर्जातला सूर वाजवतात.

मग स्पीकर वाढवत गेलो, तर आवाज वाढतच जाईल का? नाही. आवाजाच्या लाटेत हवा आधी दाट होते, मग विरळ होते. पण विरळ होऊन होऊन किती होणार? हवा शून्यापेक्षा कमी होऊ शकत नाही. समुद्रसपाटीला ही वेळ 194 डेसिबलच्या सुमारास येते. त्यापुढे नेहमीची लाट राहत नाही, स्फोटासारखा धक्का तयार होतो.

आपल्या कानांची मर्यादा मात्र फार आधी येते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांचा सल्ला असा : 85 डेसिबलचा आवाज दिवसात जास्तीत जास्त 8 तास ऐकावा. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करावा. 100 डेसिबलला उरतात जेमतेम 15 मिनिटं! कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. गाडीची काच बदलता येते, या पेशी नाही. हेडफोनचा आवाज वाढवताना हे लक्षात ठेवा.

शब्दार्थ
चढउतार – वाढणे आणि कमी होणे
खर्ज – खालचा, जाड सूर
विरळ – दाट नसलेला
जेमतेम – कसेबसे तेवढेच

प्रश्न
1. स्पर्धेच्या वेळी माणसं गाडीबाहेर का थांबतात?
2. 91 डेसिबलचा आवाज दिवसात किती तास ऐकता येईल? हिशोब करून सांगा.
3. 'दणदणीत' आणि 'जेमतेम' हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा.