तार बाहेर काढू नका

टेक्निकल पेन कागदावर क्वचितच बिघडतो. तो बिघडतो टेबलाच्या खणात, भरल्या शाईनिशी पडून राहिल्यावर. आणि कायमचा जातो त्याच्याही नंतर, कुणी तरी घाईघाईने साफ करायला बसतं तेव्हा. भिलाईच्या रुआबांध्यात माझ्याकडे लोक हे पेन दाखवायला आणतात, त्यांतले बरेचसे शाईने नाही, साफसफाईने गेलेले असतात.

भिलाईत हे पेन घराघरात सापडतात याचं नवल नाही. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, पण त्याआधी ती कागदावर उभी राहिली होती, सोव्हिएत अभियंत्यांच्या ड्रॉइंगमध्ये. पुढे ऐंशीच्या दशकात कारखाना वर्षाला 40 लाख टनांकडे निघाला, त्या धामधुमीत मी एका खासगी कार्यालयात ट्रेसर म्हणून लागले. पेन्सिलीचं ड्रॉइंग खाली, वर ट्रेसिंग पेपर, आणि हातात रोटरिंगचा लाल कड्याचा पेन. मग संगणक आले, बोर्ड भिंतीला टेकले आणि पेनचे डबे कपाटात गेले. आता नातवंडं ते बाहेर काढताहेत, कुणी आर्किटेक्चरला आहे, कुणी मंडला काढतं. मला याचा मनापासून आनंद होतो.

माझा स्वतःचा संच जावेच्या मुलीने नेला होता. सबमिशन झालं आणि पेन भरलेलेच राहिले, तेही मे महिन्यात, कूलरच्या वाऱ्यासमोरच्या फळीवर. 0.18 मिलिमीटरचा बंद पडला. पोरगी हुशार आणि नीटनेटकी, म्हणून तिने तो तसाच परत न देता आधी उकळत्या पाण्यात टाकला, मग नीबच्या मागची बारीक टोपी फिरवून आतली तार ओढून काढली. मी भिंगाखाली पाहिली तेव्हा तारेच्या टोकाशी अगदी किंचित बाक दिसला, नुसत्या डोळ्यांना कळणारही नाही इतका. पण तेवढ्यानेच ती नळीच्या तोंडाशी अडत होती. नीब गेला. सुटा नीब आता सहजी मिळत नाही, मिळाला तरी खिशाला जड जातो.

आत काय असतं ते एकदा समजून घेतलं की हात आपोआप आवरतो. नीब म्हणजे पोलादी पोकळ नळी. तिच्यातून केसासारखी तार जाते आणि तारेच्या मागे एक छोटं वजन असतं. पेन आडवा धरून हलवला की टकटक ऐकू येतं, ते हे वजन. ते मागेपुढे झालं की तार नळीत सरकते आणि शाईची वाट मोकळी करते. नीबच्या अंगावर बाहेरून मळसूत्रासारखी खाच असते, तिच्यातून हवा आत जाते. शाई तिथे सुकली की हवेचा मार्ग बंद होतो, मग पेन एक तर लिहीत नाही, नाही तर भसकन डाग टाकतो. म्हणून पेन हातात घेतला की आधी कानाशी धरून हलवा. टकटक येत असेल तर तार सुटी आहे, नीब न उघडता नुसत्या धुण्याने काम होईल. येत नसेल तरी ओढाओढी नको, भिजवा.

कशात भिजवायचं, यावरच सगळं आहे. जुन्या वॉटरप्रूफ शाईत काजळी आणि तिला धरून ठेवणारी लाख असते, आपल्या छत्तीसगडच्या कुसुमावर आणि पळसावर धरते तीच. सुकलेली लाख साध्या पाण्याला दाद देत नाही, पण अल्कलीत सुटते. म्हणून कोमट पाण्याच्या वाटीत घरगुती अमोनियाचे काही थेंब घालून नीब अख्खा बुडवून रात्रभर ठेवायचा. पाणी काळं झालं की बदलायचं. हे खिडकी उघडी ठेवून करा, आणि अमोनियाजवळ ब्लीच चुकूनसुद्धा नको, त्यातून विषारी वायू निघतो. स्पिरिटने लाख विरघळते हे खरं, पण प्लास्टिकला तडे जाऊ शकतात. उकळत्या पाण्याने पेनचे आटे वाकडे होतात आणि मग पेन कधीच घट्ट बसत नाही. ॲक्रिलिक शाई सुकली असेल तर मात्र यातलं काहीच भरवशाचं नाही, त्यासाठी कंपनीचा क्लीनर आणा. आणि मुळात ती शाई या पेनमध्ये भरूच नका.

भिजल्यावर रबरी फुग्याने नीबमधून मागून पुढे पाणी दाबायचं, स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं पाणी डिस्टिल्ड हवं. बोअरचं पाणी सुकलं की मागे क्षार राहतो, आणि बारीक नळीला तेवढा पुरतो. बॅटरीत घालायचं पाणी चालतं, फक्त दुकानदाराला ॲसिड नको, डिस्टिल्ड वॉटर हवं असं स्पष्ट सांगा. मग टिश्यूवर झटका, सावलीत वाळवा. 0.5 च्या वरच्या पेनची तार जपून काढता येते, असं जाणकार सांगतील. मी कोणालाच सांगत नाही, कारण 0.5 ला सवयीचा झालेला हात पुढे 0.18 लाही थांबत नाही.

रोज वापरत असाल तर यातलं फारसं काही लागतच नाही. टोपण लगेच लावायचं, पेन उभा, नीब वर करून ठेवायचा. इथल्या उन्हाळ्यात रेषा संपली आणि फोन घ्यायला उठलात तरी आधी टोपण. आठवडाभर हात लागणार नसेल तर शाई बाटलीत परत न ओतता टाकून द्या आणि पेन धुऊन रिकामा ठेवा. गावाला जाताना तर नक्कीच.

एक बिघाड मात्र धुऊन जात नाही. या पेनच्या जाड्या 0.18, 0.25, 0.35, 0.5, 0.7 अशा दरवेळी साधारण 1.4 पटीने वाढतात. त्यामुळे ए2 चं ड्रॉइंग ए3 वर उतरवलं की 0.5 ची रेषा बरोब्बर 0.35 ची होते. पेन तिरका धरायची सवय असेल तर नळीचं तोंड एका बाजूने झिजतं आणि हा हिशोब कोलमडतो. पॉलिस्टर फिल्मवर तर पोलादी तोंड फारच लवकर झिजतं. असा नीब पॉलिश पेपरवर घासून सरळ करू नका, आतली तार तोंडाबाहेर येते आणि कागद ओरबाडते. तो वेगळ्या डबीत ठेवा, मोकळ्या हाताच्या स्केचला वापरा, आणि मापाच्या कामासाठी दुसरा घ्या.