चिमुकल्या सैनिकांचा गणवेश

एखाद्या मोठ्या मेजावर रणभूमी मांडावी, त्यावर टेकड्या, ओढे, झाडे आणि शेतवाड्या उभ्या कराव्या, दोन्ही बाजूंस चिमुकल्या सैनिकांच्या पलटणी रचाव्या आणि ठरलेल्या नियमांनी जुनी लढाई पुन्हा लढून पाहावी, असा एक खेळ आहे. त्याला ऐतिहासिक युद्धखेळ म्हणतात. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ खेळला जाऊ लागला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आज जगातील अनेक देशांत हा छंद जोपासला जातो.

या खेळातील सैनिक बहुधा धातूचा किंवा प्लॅस्टिकचा असतो. त्याची उंची पुष्कळदा २८ मिलिमीटर, म्हणजे साधारणपणे अंगठ्याच्या पेराएवढी असते. तो विकत मिळतो तेव्हा त्याच्यावर रंग नसतो. छंदी मनुष्य त्याला प्रथम अस्तराचा रंग देतो आणि मग बारीक कुंचल्याने डगला, पट्टे, गुंड्या व टोपी रंगवितो. एवढ्याशा पुतळ्याच्या कॉलरचा रंग कोणता असावा, यासाठी तो आठवडेच्या आठवडे ग्रंथ चाळीत बसतो. तुम्हांला वाटेल, इतका खटाटोप कशासाठी?

याचे उत्तर वॉटर्लूच्या लढाईत सापडते. ही लढाई १८ जून १८१५ रोजी आजच्या बेल्जियममध्ये झाली. एका बाजूस फ्रान्सचा सम्राट नेपोलियन होता. दुसऱ्या बाजूस ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन आणि प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर होते. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली आपल्या महाराष्ट्रात असई येथे मराठ्यांशी लढलेला वेलस्लीच होय. त्या काळची बंदुकीची दारू फार धूर करी. काही वेळातच रणांगण धुराने झाकून जाई. अशा वेळी आपला कोण आणि शत्रू कोण, हे ओळखण्यास कपड्यांचा रंग हाच मोठा आधार असे. वॉटर्लूच्या एका टोकास वेलिंग्टनच्या बाजूने लढणारे नासाव प्रांताचे सैनिक होते. त्यांचा पोशाख फ्रेंच धर्तीचा होता. सायंकाळी मदतीस धावून आलेल्या प्रशियन सैनिकांनी त्यांना फ्रेंच समजून त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या! ज्या रंगाच्या घोटाळ्याने माणसे मेली, तो रंग क्षुल्लक कसा म्हणावा?

वॉटर्लूचे ब्रिटिश सैनिक तांबड्या डगल्याचे, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच सैन्यातील गोलंदाज गडद निळ्या डगल्यात होते आणि ९५ व्या पलटणीचे नेमबाज गडद हिरव्या. तांबड्या डगल्यांतही भेद होता. कॉलर आणि बाह्यांची टोके ३३ व्या पलटणीत तांबडी, २८ व्या पलटणीत पिवळी, तर ६९ व्या पलटणीत हिरवी असत. शिवाय सगळा तांबडा रंग एकच नव्हता. साध्या शिपायाचे कापड मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांनी रंगविलेले असे. अधिकाऱ्याचे कापड कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेल्या महाग रंगाचे असे. म्हणून अधिकारी लालभडक दिसे आणि शिपाई जरा विटकरी.

कधी कधी एका रंगामागे साऱ्या जगाचा व्यापार उभा असतो. फ्रेंच पायदळाचा डगला निळा असे. त्यासाठी लागणारी नीळ समुद्रापलीकडून येई. ब्रिटिश आरमाराशी चाललेल्या युद्धामुळे ती मिळेनाशी झाली, तेव्हा १८०६ साली काही फ्रेंच पलटणींना पांढरे डगले देण्याचे ठरले. हा प्रयोग लवकरच सोडून देण्यात आला. तथापि त्या काळातील सगळेच फ्रेंच सैनिक निळे रंगविणारा चुकतो.

आता कोणी म्हणेल, सरकारी नियमावलीत लिहिले आहे तसे रंगविले, की झाले! पण नियमावली सांगते ती काय असावे ते; काय होते ते सांगत नाही. वॉटर्लूच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस पडला. सैनिक चिखलात झोपले. पावसापासून टोपी वाचावी म्हणून तिच्यावर मेणकापडाचे आच्छादन घालीत. मोहिमेत डगले उन्हापावसाने विटत आणि फाटक्या विजारींना ठिगळे लागत. म्हणून जाणता रंगारी नियमावली, जतन केलेले कपडे आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची पत्रे यांचा मेळ घालतो. पुढे कित्येक वर्षांनी काढलेल्या भव्य चित्रांवर तो डोळे मिटून विश्वास ठेवीत नाही.

या अचूकतेसाठी विल्यम सायबॉर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने मोठे मोल दिले. १८३० साली त्याच्याकडे वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम सोपविण्यात आले. त्याने तेथील एका शेतवाडीत आठ महिने राहून जमिनीची मोजणी केली. लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे धाडली: सायंकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कोठे होती? समोर शत्रू कोणता होता? शेतात पीक कोणते उभे होते? शेकडो उत्तरे आली. मध्येच सरकारी पैसा थांबला आणि तो कर्जात बुडाला. तरीही त्याने काम सोडले नाही. हजारो इवल्या सैनिकांची ती रणभूमी १८३८ साली लंडनमध्ये लोकांपुढे आली. परंतु प्रशियन सैन्याला त्याने दिलेली जागा काही वजनदार लोकांना खुपत होती. अखेरीस प्रतिकृतीतील प्रशियन सैनिक मोठ्या संख्येने काढून टाकण्यात आले. विजयातील एका मित्राचा वाटा असा मेजावरून उचलला गेला! सायबॉर्न १८४९ साली वारला. त्याने जमविलेली पत्रे मात्र राहिली. त्यांतील निवडक पत्रे त्याच्या मुलाने १८९१ साली प्रसिद्ध केली आणि साक्षीदारांचे म्हणणे सर्वांना वाचावयास मिळाले.

मुलांनो, अंगठ्याएवढा सैनिक चुकीचा रंगविला म्हणून कोणाचे नुकसान होत नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण तो पुतळा एका खऱ्या माणसाच्या जागी उभा असतो. तो माणूस स्वतःविषयी सांगण्यास आता येऊ शकत नाही. त्याच्या वतीने आपणच खरे सांगितले पाहिजे.

स्वाध्याय

१. नासावच्या सैनिकांवर मित्रांनीच गोळ्या का झाडल्या?
२. ‘नियमावली सांगते ती काय असावे ते, काय होते ते सांगत नाही,’ हे विधान उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूची माहिती वडील माणसांना विचारून लिहा. दोघांच्या सांगण्यात फरक आढळल्यास तोही नोंदवा.