वेढा पडलेल्या नगराचीं झाडें
शास्त्रपाठ: अनुवाद 20:19, 20



हा भाग लढाईच्या नियमांत येतो, म्हणून मंडळींत तो क्वचितच वाचला जातो. इस्राएल लोकांस अशी आज्ञा आहे कीं, शत्रूच्या नगरास पुष्कळ दिवस वेढा घालावा लागला तरी तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवूं नये. ज्यांचें फळ खाण्याजोगें नाहीं तींच तोडावीं. झाड शत्रूचें, कुऱ्हाड आपल्या हातीं, आणि तरीहि देव मर्यादा घालतो.

आपल्या गडचिरोलीच्या रानांत ही मर्यादा कोण घालतो? पुष्कळ वर्षें उत्तर एकच होतें: सरकार. 1927 च्या वन कायद्यानें बांबूसहि वृक्षांत गणिलें. बांबू हें वस्तुतः गवत. परंतु वृक्ष ठरल्यामुळें तो वनखात्याच्या ताब्यांत राहिला. 2006 च्या वनहक्क कायद्यानें त्यास गौण वनोपजांत घातलें. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड बांधवांच्या गांवास 2009 सालीं सुमारें 1,800 हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्यास लागणारा वाहतूक परवाना मिळेना. तो 27 एप्रिल 2011 रोजीं मिळाला; त्या वेळचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनीं गांवीं येऊन परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. पुढें 2017 सालीं वृक्षाच्या व्याख्येंतूनच बांबू वगळण्यांत आला.

मात्र हक्काबरोबर भारहि येतो. त्याच कायद्याच्या पांचव्या कलमानें रान व रानांतील जीव राखण्याचें काम ग्रामसभेकडे दिलें आहे. आपल्या शेतांतील झाडहि सर्वस्वी आपलें नाहीं. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ इत्यादि झाडें मालकानेंहि परवानगीवांचून तोडूं नयेत, असा महाराष्ट्राचा 1964 चा कायदा आहे. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक गरीब शेतकरी अडचणींत येतात.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळूं. कांहीं नवविश्वासी विचारतात कीं, गांवदेवाच्या राईंतील झाड तोडून आपण आपला विश्वास उघड करूं नये काय? ते गिदोनाचें उदाहरण देतात (शास्ते 6). परंतु गिदोनानें तोडली ती अशेरामूर्ति, आणि तीहि आपल्याच बापाच्या घरची, देवाच्या स्पष्ट आज्ञेनें. राई सर्व गांवाची आहे. मोहाच्या झाडाविषयींहि हेंच म्हणतां येईल. दारूचा तिटकारा योग्यच आहे. परंतु दारू माणूस गाळतो, झाड नव्हे. त्याचीं फुलें वाळवून खाणारीं व टोळीचें तेल काढणारीं घरें आपल्या मंडळींतहि आहेत.

याहून मोठी चूक मला दुसरी वाटते. सभेच्या आरंभीं गांवदेवाची पूजा होते म्हणून आपले लोक ग्रामसभेसच जात नाहींत. पूजेनंतर जाऊन बसण्यास कोणती हरकत आहे? कायद्याप्रमाणें गांवांतील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुष ग्रामसभेचा सभासद आहे. अनुसूचित जमातींविषयींच्या 1950 च्या आदेशांत धर्माची अट नाहीं. बाप्तिस्मा घेतल्यानें गोंड किंवा माडिया बांधवाचा रानावरील हक्क जात नाहीं. वनहक्काच्या सभेस निदान अर्धे सभासद हजर लागतात, व हजर असणाऱ्यांत निदान एकतृतीयांश स्त्रिया लागतात. आपल्या दहा घरच्या बहिणी न गेल्यामुळें सभा तहकूब झाली, तर गांवानें आपणांस काय म्हणावें?

उपदेशकांनीं पुढील सभेची तारीख विचारून ती मंडळींत कळवावी. ती रविवारीं आल्यास त्या दिवशींची भक्ति सकाळीं लौकर घ्यावी.