प्रवाळ-टाकीचे स्थलांतर

प्रवाळ, समुद्रफूल आणि पांढऱ्या पट्ट्यांचे केशरी क्लाउनफिश मासे यांनी सजलेली खाऱ्या पाण्याची टाकी प्रथम शोभेची वस्तू म्हणून घरात येते आणि काही वर्षांतच कुटुंबाचा एक घटक होऊन बसते. क्लाउनफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. चर्मप्रवाळाचा गुच्छ वाढत वाढत काचेला टेकतो, आणि मग मोठ्या टाकीचा विचार सुरू होतो. मात्र वर्षानुवर्षे जपलेले हे जीव स्थलांतराच्या एकाच दिवसात गमावण्याचा धोकाही असतो. म्हणून या कामाची पूर्वतयारी किमान पंधरा दिवस आधी सुरू करावी.

पहिला प्रश्न जमिनीचा. १२० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद व तितक्याच उंच टाकीत ४३२ लिटर पाणी मावते. समुद्राच्या पाण्याचे वजन लिटरमागे सुमारे १.०२५ किलो असते. काच, खडक आणि स्टँड धरल्यास एकूण भार ६०० किलोंच्या पुढे जातो, आणि तोही पाऊण चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. निवासी खोल्यांसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण २०० किलो भार गृहीत धरलेला असतो. हा भार आजूबाजूच्या भागावर विभागला जातो हे खरे. तरीही टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईजवळ, भिंतीलगत ठेवावी. इमारत जुनी असल्यास अभियंत्याचा सल्ला घ्यावा. त्याचे शुल्क टाकीच्या किमतीच्या मानाने किरकोळ ठरते.

नवी टाकी समपातळीत बसवून दोन-तीन दिवस साध्या पाण्याने भरून ठेवावी व गळती तपासावी. त्यानंतर खारे पाणी तयार करावे. खडक-वाळूची जागा वजा जाता सुमारे ३८० लिटर पाणी लागते. जुन्या टाकीतून १२० लिटर मिळाले, तर उरलेल्या २६० लिटरसाठी नऊ ते दहा किलो सागरी मीठ-मिश्रण लागेल. स्वयंपाकघरातील मीठ येथे चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आदी घटकांचा मेळ नसतो. पाणी आरओचे असावे. परंतु घरगुती यंत्रांत चवीसाठी मूळ पाणी थोडे मिसळण्याची सोय असते, ती बंद करावी. मीठ पाण्यात टाकावे, पाणी मिठावर ओतू नये. पंप चालू ठेवून ते मिश्रण एक दिवस घुसळू द्यावे. शेवटी तापमान व क्षारता जुन्या टाकीशी जुळली पाहिजे. जुन्या टाकीचे विशिष्ट गुरुत्व १.०२३ असेल, तर नव्या पाण्याचेही तितकेच ठेवावे, १.०२५ चा आग्रह नंतर सावकाश धरता येईल.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जुने पाणी वापरले की जुने उपयुक्त जिवाणूही येतात, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यत्वे खडकांवर, वाळूत आणि गाळणीतील साहित्यावर वस्ती करतात. बँकेच्या भाषेत, टाकीची खरी ठेव खडकांत आहे; पाणी केवळ चालू खाते! म्हणून खडक क्षणभरही सुकू न देता खाऱ्या पाण्यातच हलवावेत. जुनी वाळू मात्र जशीच्या तशी उचलू नये. तिच्या खालच्या थरात साचलेला मळ आणि प्राणवायूविना तयार झालेला हायड्रोजन सल्फाइड वायू ढवळला गेला, तर मासे तासाभरात दगावू शकतात. नवी वाळू धुऊन घ्यावी व वरच्या थरातील ओंजळभर जुनी वाळू तिच्यात मिसळावी.

स्थलांतराच्या दिवशी टाकी न ढवळता वरचे स्वच्छ पाणी झाकणाच्या पिंपांत काढावे. मग प्रवाळ, नंतर खडक आणि सर्वांत शेवटी मासे. खडक निघाले की लपायला जागा उरत नाही व पाठलागाविना मासे जाळीत येतात. प्रत्येक पिंपात हवेचा पंप हवा. वीज खंडित होण्याची शक्यता धरून बॅटरीवर चालणारा एक पंप जवळ ठेवावा. समुद्रफुलाचा पाय ओढून काढू नये. ते ज्या दगडाला चिकटले असेल त्या दगडासह हलवावे. नव्या टाकीत खडक थेट तळावर रचावेत आणि वाळू भोवती पसरावी. अन्यथा वाळू उकरणारे जीव खडकांची रास ढासळवतात.

झोअँथिड जातीचे प्रवाळ असतील, तर विशेष दक्षता घ्यावी. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. हातमोजे व डोळ्यांवर चष्मा अनिवार्य. असा खडक ब्रशने खरवडू नये आणि गरम पाण्यात तर मुळीच घालू नये. त्या वाफेने घरातील माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

मोठी टाकी भरण्यासाठी प्रवाळ कोठून आणावेत, हा मोह पुढे येतोच. भारतीय समुद्रातील सर्व दगडी प्रवाळ, तसेच समुद्रघोडे, २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. किनाऱ्यावरून उचललेला तुकडाही त्यातून सुटत नाही.

पहिला आठवडाभर रोज अमोनिया व नायट्राइट तपासावे, खाद्य निम्म्यावर आणावे आणि गाळणीत सक्रिय कोळसा ठेवावा. डिवचलेले मऊ प्रवाळ पाण्यात विषारी द्रव्ये सोडतात. नवे दिवे प्रखर असल्यास प्रथम मंद ठेवून तीन-चार आठवड्यांत वाढवावेत. अमोनिया दिसताच तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने एक चतुर्थांश पाणी बदलावे. त्यासाठी शंभर लिटर पाणी वेगळे राखून ठेवलेले बरे. नवा मासा दीड महिना तरी आणू नये.