हवेचा काटा कोण तपासतं?

संत्री मोजून देताना कळमेश्वरचा बागायतदार काट्यावर वैधमापनाचा शिक्का बघतो. हवेतले वायू मोजणारं यंत्रही असंच वरचेवर तपासावं लागतं. ते तपासणं, म्हणजे कॅलिब्रेशन, हे पोटापाण्याचं काम आहे. बारावी सायन्सनंतर ‘आता काय?’ या काळजीत असलेल्या आईबाबांना मी ते आवर्जून सुचवते.

आधी यंत्राला प्रदूषकं काढून टाकलेली ‘झिरो एअर’ द्यायची. आकडा शून्याजवळ यायला हवा. मग ठाऊक असलेलं प्रमाण द्यायचं. समजा, सिलिंडरमध्ये नायट्रिक ऑक्साइड दहा लाखांत 50 भाग आहे. त्यातला मिनिटाला 10 मिलिलिटर वायू 4,990 मिलिलिटर झिरो एअरमध्ये सोडला, की तो 500 पट पातळ होतो. एक कोटीत एक भाग! यंत्रावर 100 पीपीबी, म्हणजे अब्जात 100 भाग, यायला हवेत. 92 आले, तर यंत्र सरकलंय, नळी गळतेय की प्रवाहच चुकतोय, हे शोधायचं. अशी वेगवेगळी प्रमाणं देऊन बघायची. गणित शाळेतल्या गुणोत्तराचं आणि आलेखावरच्या सरळ रेषेचं. कस लागतो धीराचा, कारण प्रत्येक प्रमाणाला आकडा स्थिरावेपर्यंत थांबावं लागतं.

नायट्रोजन डायऑक्साइड मोजताना बहुतेक यंत्रं आधी तापलेल्या मॉलिब्डेनमवर त्याचं नायट्रिक ऑक्साइड करतात, मग ओझोनशी होणाऱ्या अभिक्रियेतला प्रकाश मोजतात. मॉलिब्डेनम निकामी होत गेलं, की आकडा मुकाट्याने कमी येत राहतो. 2009 च्या राष्ट्रीय मानकात नायट्रोजन डायऑक्साइडची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 80 मायक्रोग्रॅम आहे. हवेत 90 असताना यंत्राने 75 सांगितले, तर त्या हवेत श्वास घेणाऱ्या मुलांना कोण सावध करणार? म्हणून प्रॅक्टिकलच्या वहीत ‘यायला हवं होतं ते’ न लिहिता ‘आलं ते’ लिहिणारी मुलगी मला या कामासाठी हवी वाटते, तिला टक्के थोडे कमी असले तरी.

आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा किंवा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्रातली बीएस्सी, यांतून इथे येता येतं. 2014 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औष्णिक वीजकेंद्रांसह 17 प्रकारच्या उद्योगांना प्रदूषण सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितली. कोराडीचं वीजकेंद्र आपल्या नागपूर जिल्ह्यातच आहे. नागपुरात 1958 पासून ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. पण नोकरी घराजवळ एमआयडीसीतच मिळेल, असं धरून चालू नका. फिरती असते, चिमणीवर चढावं लागतं, सुरुवात कंत्राटी असू शकते.

सिलिंडरची भीती रास्त आहे. नायट्रिक ऑक्साइड विषारी असतो. मुलाखतीला गेल्यावर मुलीने कामाची खोली बघायला मागावी: सिलिंडर साखळीने बांधलेत का, आणि यंत्रातून बाहेर पडणारा वायू नेणारी नळी कुठे उघडते, हे विचारावं.