भयपटातले खरे भय

(द्वितीय वर्ष, कला)

साहित्य हा समाजाचा आरसा आहे, असे आपण वर्गात शिकतो. मग कमी पैशांत काढलेला भयपट हाही आरसा का नसावा? अशा चित्रपटांचे नाव काढताच सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. कॉलेजात आल्यावर मीही मुरडू लागले होते. माझे मत बदलले ते आजीमुळे.

हिंदीत असे चित्रपट रामसे बंधूंनी काढले. त्यांचे वडील फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आले. सात भावांपैकी कोणी दिग्दर्शन करी, कोणी कॅमेरा, कोणी ध्वनी सांभाळी. १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’चे चित्रीकरण महाबळेश्वरला झाले. मोठे नट नाहीत, भव्य सेट नाहीत; ओसाड हवेली, धूर आणि मुखवटा एवढ्यावर काम भागे.

हवेलीच का? स्वातंत्र्यानंतर जमीनदारी कायद्याने गेली, १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. सत्ता गेली, वाडे मात्र उरले. त्या वाड्यांचा जुना धाक या चित्रपटांत भूत होऊन वावरतो, असे मला वाटते.

१९८४ च्या ‘पुराना मंदिर’मध्ये राजा सामरी नावाच्या सैतानाचे मुंडके उडवतो. मरताना सामरी शाप देतो, की या वंशातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. हा चित्रपट आजीने जत्रेत तंबूत पाहिला होता. ती म्हणाली, “सामरी दिसला की पोरं वरडायची. बाळंतपणाचं आलं की बाया गपगार व्हायच्या.”

आजीची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. ओढ्याला पूर होता, बैलगाडी अलीकडेच थांबली. गावाने बाधा झाली म्हणून सांगितले. तिच्यामागे ना राजवंश होता, ना कुणाचा शाप.

म्हणून मला वाटते, या चित्रपटाने भय खरे दाखवले, पण कारण खोटे सांगितले. पडद्यावर सामरी संपला की शाप सुटतो. आमच्या गावात ओढ्यावर पूल झाला, नर्सबाई येऊ लागल्या, तेव्हा बायांचा जीव भांड्यात पडला.

मित्रहो, असा चित्रपट पाहताना पडद्यावरच्या भुताला खुशाल हसावे. पण तंबूत कोण हसत नव्हते, तेही विचारावे. समाजाचा अभ्यास तिथून सुरू होतो.