मुख्यमंत्री ठरेपर्यंत राज्य कोण चालवते?



४ डिसेंबर २०२३, सोमवार. आदल्या दिवशी तेलंगणा विधानसभेचा निकाल लागला होता. ११९ पैकी ६४ जागा काँग्रेसला मिळाल्या, पण मुख्यमंत्री कोण हे त्या पक्षाने अजून ठरवले नव्हते. के. चंद्रशेखर राव यांनी राजीनामा दिला होता. नागरिकशास्त्राच्या तासाला दहावीतील एका मुलीने विचारले, "सर, मग आज सरकार कोणाचे? माझ्या भावाच्या दाखल्यावर सही कोण करणार?" वर्गात हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहे. पालकांनीही ते अवश्य वाचावे.

प्रथम आपली राज्यघटना पाहू. कलम १५४ प्रमाणे राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांच्या ठायी असतो. कलम १६३ प्रमाणे मुख्यमंत्री व त्यांचे मंत्रिमंडळ राज्यपालांना साहाय्य व सल्ला देते. कलम १६६ प्रमाणे शासनाचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. थोडक्यात, नाव राज्यपालांचे आणि निर्णय मंत्रिमंडळाचा. तहसीलदार दाखल्यावर सही करतात ती कायद्याने मिळालेल्या अधिकाराने. मुख्यमंत्री ठरले नाहीत म्हणून ती सही थांबत नाही.

आता निर्णय घेणारे मंत्रिमंडळच उरले नाही तर काय होते? आपल्याच भागातील उदाहरणे घेऊ.

१) निकालानंतरचे दिवस : राज्यपाल मावळत्या मुख्यमंत्र्यांना नवी व्यवस्था होईपर्यंत काम पाहण्यास सांगतात. यांना काळजीवाहू मुख्यमंत्री म्हणतात. २०२३ मध्ये असेच झाले आणि ७ डिसेंबरला रेवंत रेड्डी यांचा शपथविधी झाला.

२) आकस्मिक मृत्यू : २ सप्टेंबर २००९ रोजी हेलिकॉप्टर अपघातात वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी, ३ सप्टेंबरला, के. रोशय्या यांनी शपथ घेतली. दिल्लीतही १९६४ व १९६६ साली पंतप्रधानांच्या निधनानंतर गुलझारीलाल नंदा यांना लगेच शपथ देण्यात आली होती.

३) कोणीच पुढे येत नाही तेव्हा : १९ फेब्रुवारी २०१४ रोजी किरणकुमार रेड्डी यांनी राजीनामा दिला. नवे सरकार बनले नाही आणि १ मार्चपासून कलम ३५६ खाली राष्ट्रपती राजवट आली. राष्ट्रपतींच्या वतीने राज्यपाल कारभार पाहू लागले. ३० एप्रिलला आपल्या जिल्ह्याने मतदान केले तेही याच राजवटीत. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य जन्मले, त्याच दिवशी आपल्याला मुख्यमंत्री मिळाले.

यावरून दिसते की अधिकार एक दिवसही बेवारस राहत नाही. पण मग मुख्यमंत्री लवकर ठरले काय, उशिरा ठरले काय, फरक काय पडतो? हे समजण्यासाठी पैनगंगेपलीकडे पाहू, जिथे आपल्यापैकी अनेकांचे सोयरे राहतात.

महाराष्ट्रात २४ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल लागला, पण मुख्यमंत्रिपदावरून युती फिसकटली. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. त्याच हंगामात अवकाळी पावसाने शेतातले उभे पीक गेले होते. १६ नोव्हेंबरला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मदत जाहीर केली : खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये आणि फळबागांसाठी १८,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ही मदत अपुरी आहे अशी टीका झाली. म्हणजे निर्णय झाला, पण तो कमी का, असे विधानसभेत विचारायचे कोणाला? उत्तर देणारा मंत्रीच नव्हता. उद्धव ठाकरे यांचा शपथविधी २८ नोव्हेंबरला झाला.

काळजीवाहू सरकारलाही मर्यादा असतात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी तेलंगणा विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाली आणि तीन महिन्यांहून अधिक काळ काळजीवाहू सरकार राहिले. तेव्हा निवडणूक आयोगाने स्पष्ट केले की अशा वेळी आचारसंहिता विसर्जनापासूनच लागू होते व नव्या योजना जाहीर करता येत नाहीत. रोजचे काम चालते, मोठे निर्णय थांबतात.

मुलांनो, लोकशाहीत सही करणारा हात जितका आवश्यक, तितकाच त्या सहीचा जाब देणारा माणूसही आवश्यक आहे. पहिल्याची सोय घटनेने करून ठेवली आहे. मुख्यमंत्री किती दिवसांत नेमावा याची मुदत मात्र घटनेत लिहिलेली नाही. म्हणून दुसऱ्याची काळजी आमदारांनी, पक्षांनी आणि मतदार म्हणून आपण सर्वांनी घ्यायची आहे.

स्वाध्याय

१. कलम १५४ व १६३ मधील फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. २०१४ च्या मार्च ते मे महिन्यांत आपल्या गावातील कोणती सरकारी कामे चालू होती व कोणती थांबली होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
३. मुख्यमंत्री नेमण्यास मुदत असावी का? दोन्ही बाजू मांडा.